बिल्यानाच्या भीतीचे सतरा काटे

दोन्काबाईंच्या फाटकापासून निघालेली रांग बेकरीला वळसा घालून, चर्चच्या भिंतीला टेकत टेकत थेट डॅन्यूबच्या धक्क्यापर्यंत पोचली होती आणि शेवटचा माणूस एक पाय नदीत बुडवून उभा होता, असं दोल्नी ब्रोद गावात अजून सांगतात. यात अतिशयोक्ती आहे. पाय बुडालेला नव्हता, नुसता बूट ओला झाला होता.

रांगेत सगळी खेळणारी पोरं. खांद्याला बॅगा, मनगटाला मार्च लागला की बांधायचे लाल-पांढरे धागे, आणि प्रत्येकाच्या मानगुटीवर हात ठेवून मागे उभी असलेली एकेक आई. पेनल्टी मारताना ज्याचे पाय लटपटतात तो, पाण्यात डोकं घालायचं म्हटलं की जिच्या पोटात कळ येते ती, बुद्धिबळात वजीर मेला की हुंदके देणारा. कोणी म्हणून राहिलं नव्हतं.

"सरका हो पुढे, आमच्या पोराची शनिवारी मॅच आहे!"

"आणि आमच्या पोराचं काय लग्न आहे? गप उभे राहा."

"काल त्या बेकरीवाल्याच्या मुलाचे बावीस निघाले म्हणे."

"बावीस! बाप पितो ना, म्हणून."

"अहो, भीती पोराची मोजतात, बापाची नाही."

"बापाची मोजायला घेतली तर टोपली लागेल!"

मोजत होते ते काटे. घाबरलेल्या पोराच्या डोक्यावर लाल फडकं धरायचं, वर पाण्याचं भांडं, आणि त्यात वितळलेलं शिसं ओतायचं, ही या भागातली जुनीच रीत. शिसं पाण्यात जाऊन ज्या आकाराचं होईल त्यावरून पोराला कशानं धरलं ते ओळखायचं: कुत्रा, साप, शेजारीण. म्हाताऱ्या बायका हे काम करायच्या, कोंबडी नाहीतर साबणाची वडी घ्यायच्या आणि विसरून जायच्या. दोन्काबाईंनी मात्र त्याचं शास्त्र केलं. आधी त्या पोस्टात खिडकीवर होत्या. समुद्रकाठच्या कुठल्याशा हॉटेलात तीन दिवसांचा कोर्स करून आल्या आणि फाटकावर पाटी लागली: 'बालक, खेळाडू व पालक यांचे भावनिक मूल्यमापन'. पोस्टातली सवय सुटली नव्हती. शिशाला किती काटे फुटले ते मोजायचे, छापील फॉर्मवर लिहायचे आणि धाडकन शिक्का मारायचा. गावातल्या जिम्नॅस्टिक्स क्लबचा कोच गालिन तो फॉर्म डॉक्टरच्या दाखल्याशेजारी फाइलला लावायला लागला, आणि मग काय, जिल्ह्यातले सगळे क्लब लावायला लागले.

रांगेत मध्यावर स्तामेन उभा होता. नगरपालिकेच्या पाणीखात्यात तो फिटर. सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये शिसं वितळवून गळाला बांधायची वजनं ओतायचा; धक्क्यावर गळ टाकून बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या गळाला स्तामेनचंच शिसं असायचं. तेव्हा शिशाबद्दल त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण आज तो बायकोचा कोट आणि मुलीची बॅग सांभाळायला आला होता, आणि कोट सांभाळायला आलेला माणूस डोकं घरी ठेवून येतो.

मुलगी बिल्याना, बारा वर्षांची. सहा आठवड्यांपासून तिचं एक विचित्र झालं होतं. बीमवर चढायची, दोन्ही हात वर करायची, आणि तशीच उभी राहायची. मागे कोलांटी मारून पुन्हा त्या चार बोटं रुंदीच्या लाकडावर उतरायचं असायचं. ते होईना. गालिन ओरडायचा, मग गोड बोलायचा, मग शिट्टी फेकून बाहेर जाऊन सिगरेट ओढायचा. राजधानी सोफियातल्या क्रीडाशाळेची निवड पुढच्या रविवारी होती. तिथे निवड झाली की राहणं, जेवण, शाळा सगळं त्यांचं. आई नेवेना क्लबच्या पोरींचे खेळाचे पोशाख शिवायची. निवडीसाठी तिनं बिल्यानाच्या निळ्या पोशाखावर चार महिने एकेक टिकली लावली होती.

"आई, आपण घरी जाऊ या का?" बिल्यानानं विचारलं.

"एवढं उभं राहून? बघ, आता फक्त नऊ जण राहिलेत."

* * *

आत दोन्काबाईंनी आधी बिल्यानाची हनुवटी वर करून तिच्या डोळ्यांत पाहिलं, जसं काही पत्रावरचा पत्ता वाचतायत.

"हं. मनाची खिडकी बंद आहे. भावनिक दाब वर गेलाय. जेवते का?"

"जेवते, पण कमी," नेवेना म्हणाली.

"तेच! आणि झोप?"

"झोपते तशी."

"तेच तर! तशी झोप म्हणजे झोपच नव्हे, ताई. बरं, कशाला घाबरली? मोठा आवाज? काळं काही? पाण्याजवळ?"

"बीमवरून एकदा पडली होती, जानेवारीत..."

"लाकूड!" दोन्काबाई टाळी वाजवून म्हणाल्या. "मला दारातच लाकडाचा वास आला होता."

वास बॅगेतल्या बनित्साचा, चीजच्या खाऱ्या पेस्ट्रीचा होता, पण कोण सांगणार?

बिल्यानाला स्टुलावर बसवलं, डोक्यावर लाल फडकं टाकलं. त्याखालून तिचा आवाज आला, "मला कमरेत दुखतं. उतरताना. इथे, खाली."

"भीती कमरेतच बसते, बाळा," दोन्काबाई म्हणाल्या. "तिला बसायला मऊ जागा लागते."

नेवेना हसली. स्तामेनही हसला. हे हसू त्याला पुढे फार महाग पडलं.

तांब्याच्या पातेल्यात विहिरीचं पाणी होतं, बर्फाचे खडे तरंगत होते. निळ्या ज्योतीवर शिसं लखलखत होतं. दोन्काबाईंनी पळी खांद्याच्या वर उचलली, दोन शब्द पुटपुटल्या आणि एकदम ओतली. फस्सकन आवाज झाला, बिल्याना दचकली, आणि चिमट्यानं बाहेर आलं ते शिसं पाहून नेवेनाच्या तोंडून किंकाळी फुटली. साळिंदर! चहूबाजूंनी सुया.

"एक, दोन, तीन..." दोन्काबाई पेन्सिलीनं मोजायला लागल्या. "...सोळा, सतरा. सतरा काटे, ताई! आणि एवढे घेऊन ही बिचारी लाकडावर चढते!"

मग त्यांनी किटलीतला लिंडन झाडाच्या फुलांचा गरम काढा पातेल्यात ओतला, 'भीती मऊ पडायला'. खोलीभर वाफ आणि सुवास. शेगडी बारीक केली. दुसऱ्या वेळी मंत्र लांबला, पळी छातीपर्यंतच आली. पाच काटे. पुन्हा काढा. शेगडी बंद. तिसऱ्या वेळचा मंत्र एवढा लांब की मागच्या बाकावरचे एक आजोबा डुलक्या घ्यायला लागले. त्यात तेहतीस संत आले, बाल-क्रीडा-मन आलं, चंद्र आला, सोफियाची क्रीडाशाळासुद्धा आली. शेवटी दोन्काबाईंनी पळी पाण्याला जवळजवळ टेकवली आणि हळूच कलती केली. शिसं निघालं ते गोल, गुळगुळीत, गालाला लावावंसं.

"शून्य!" धाडकन शिक्का. "भीती गेली. आता पातेल्यातलं हे पाणी बाटलीतून न्या, जाताना चौरस्त्यावर टाका, मागे वळून बघू नका."

स्तामेननं खिडकीच्या काचेवर साचलेली वाफ पाहिली होती. बर्फ पाहिला होता. पळी कुठे होती आणि कुठे आली ते पाहिलं होतं. त्याचे हात कोटाच्या खिशात उगाच चुळबुळत होते, काहीतरी आठवल्यासारखे. पण बायको वर्षाकाठी एकदा हसावी तशी हसत होती, आणि त्यानं हात खिशातच ठेवले.

फाटकाबाहेर बस आलीच. नेवेनानं ते पाणी घाईघाईत बेकरीच्या नळाखाली ओतलं आणि तिघं पळत बसमध्ये चढले.

"आता कसं वाटतं?" नेवेनानं विचारलं.

बिल्यानानं आईच्या तोंडाकडे पाहिलं. "हलकं," ती म्हणाली.

* * *

शाळेत एलित्सा नावाची मानसतज्ज्ञ होती. वय लहान, आवाज लहान, आणि गावात तिचं नाव 'कागदवाली'. बुधवारी तिनं दोघांना बोलावून घेतलं.

"मी पंधरा दिवस बिल्यानाला एक वही दिली होती," तिनं वही पुढे सरकवली. "रोज तिनं लिहायचं, आज काय जमलं, काय नाही, कुठे दुखलं, कसं वाटलं. बघा. उंचीला ती घाबरत नाही. पुढे झेपावायच्या उड्या रोज मारते. उंच दांडीला लटकते, हसते. थांबते ती फक्त मागे कोलांटी मारून उतरायचं असतं तेव्हा. आणि त्या प्रत्येक ओळीशेजारी लिहिलंय, 'खाली दुखलं'. आधी दुखलं, मग थांबली. एकदाही उलटं नाही."

"म्हणजे?" स्तामेननं विचारलं.

"म्हणजे ती ज्याला घाबरते ते तिच्या पाठीत आहे. आधी एक्स-रे काढा. रविवारच्या आधी."

"काढला नि त्यांनी विश्रांती सांगितली तर?" नेवेना म्हणाली. "निवड वर्षातून एकदा असते, बाई. आणि तिचे काटे शून्य आहेत. शिक्का आहे आमच्याकडे."

"काटे शिशाला आहेत हो. पोरीला विचारलंत?"

"विचारलं. हलकं वाटतं म्हणाली."

एलित्सानं वही मिटली. मग म्हणाली, "नेवेनाताई, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

हा प्रश्न नेवेनाला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मग तिनं पर्स उचलली. "मला शिलाईला उशीर होतोय," म्हणाली आणि निघाली.

एलित्सानं एक्स-रेची चिठ्ठी स्तामेनच्या हातात दिली. त्यानं ती घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि मनाशी ठरवलं, सोमवारी. रविवार होऊ दे, सोमवारी सकाळी पहिलं काम. स्तामेन वाईट बाप नव्हता. त्याला नुसतं घरात भांडण नको होतं.

* * *

रविवारी हॉल भरला होता. बिल्याना निळ्या पोशाखात बीमवर चढली. दोन्ही हात वर केले. गालिननं श्वास रोखला, नेवेनानं शेजारणीचा हात धरला.

ती उभी राहिली. एक क्षण, दोन क्षण. आईकडे पाहिलं. आणि उडाली.

ती उडी ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात की पोर हवेत थांबली होती, टिकल्या मोजता आल्या असत्या. यात मात्र अतिशयोक्ती नाही. मग ती उतरली. बरोबर लाकडाच्या मध्यावर, दोन्ही पायांवर. तेव्हा एक आवाज झाला. फार मोठा नव्हता. वाळलेली काटकी मोडते एवढाच. लोक टाळ्या वाजवत होते म्हणून पुष्कळांना तो ऐकूच आला नाही. बिल्याना बीमवरून कलली, गादीवर आडवी झाली आणि उठली नाही.

स्तामेन धावत पोचला तेव्हा ती रडत नव्हती. गालिन वाकला होता. ती त्याला म्हणत होती, "सॉरी, सर. सॉरी."

मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात पांढऱ्या मिशीचा एक डॉक्टर फोटो उजेडाला धरून उभा राहिला. "कण्याच्या तळाशी मणका पुढे सरकलाय. नस दाबली गेलीय, म्हणून डावा पाय उचलत नाही. आजच स्क्रू घालून धरतो, नंतर दुसरं ऑपरेशन लागेल. चालेल ती, पण पाय ओढत. खेळ संपला." मग त्यानं बोटानं एक रेघ दाखवली. "हा तडा मात्र आजचा नाही. कडा बघा, बोथट झाल्यात. दोन महिन्यांचा तरी आहे. तेव्हा आणली असतीत तर पट्टा बांधून, विश्रांती देऊन भरून आला असता. पोरगी काही बोलली नाही का?"

नेवेना भिंतीकडे बघत होती.

"बोलली होती," स्तामेन म्हणाला.

* * *

गावानं निकाल देऊन टाकला. पाणी चौरस्त्यावर टाकायचं ते नेवेनानं बेकरीच्या नळाखाली ओतलं. भीती नळातून उलटी आली. दोन्काबाईंनी डोळे पुसत सांगितलं, "मी बजावलं होतं हो! माझा शून्य खरा होता." बेकरीतून आठवडाभर कोणी पाव घेतला नाही.

वाईट हे की नेवेनानंही ते मानलं. ती जेवेना, हॉस्पिटलच्या बाकावर बसून हाताचे तळवे बघत राही. गुरुवारी स्तामेन घरी कपडे न्यायला निघाला तेव्हा ती म्हणाली, "दोन्काबाईंना घेऊन ये. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी पुन्हा एकदा ओतू दे. या वेळी पाणी मी नीट टाकीन. अनवाणी जाऊन टाकीन."

स्तामेन पिशवी उचलून बसमध्ये बसला. घरी त्याचं मन लागेना म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच गॅरेजमध्ये गेला. वजनांची एक ऑर्डर पडून होती. हातांना काम हवं होतं. शेगडी पेटवली, शिसं वितळवलं. साच्यात ओतण्याआधी वरचा मळ आणि थोडं शिसं पळीनं बाजूच्या बादलीत टाकायचं, ही वीस वर्षांची सवय. मार्चचं गार पाणी, तापलेलं शिसं, उभ्यानं फेकलेली पळी. फस्स.

त्यानं बादलीत पाहिलं. तळाशी साळिंदर.

तो तसाच उभा राहिला. मग काम करत राहिला, यंत्रासारखा. एकेक गरम वजन साच्यातून काढून त्याच बादलीत टाकत गेला. दुपारपर्यंत बादलीतून वाफा यायला लागल्या. मग त्यानं शेगडी बंद केली, शिसं जरा थंडावू दिलं, गुडघे टेकून बसला, पळी पाण्याला टेकवली आणि हळूच कलती केली. बोट घालून काढलं तर गोल, गुळगुळीत.

वीस वर्षं. रोज सकाळी बादलीच्या तळाशी काटेरी, दुपारी गोलसर. कधी त्यानं त्याकडे पाहिलं नव्हतं, कारण ते भंगार होतं, पुन्हा वितळवायचं. त्या दिवशी दोन्काबाईंच्या खोलीत त्याचे हात खिशात का चुळबुळत होते, ते त्याला आता कळलं.

तो बादलीशेजारी बसून रडला. मोठ्यानं, दार उघडं ठेवून. शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघून गेला.

* * *

शनिवारी दोन्काबाईंच्या अंगणात रांग होतीच. आधीपेक्षा लांब, कारण आता शून्य नीट टिकवायचं कसं हे विचारायलाही लोक येत होते. स्तामेन हातगाडी ढकलत आला. गाडीवर शेगडी, शिसं, दोन बादल्या, एक किटली, लाल फडकं आणि एक भला मोठा कोबी.

"स्तामेन, डोकं फिरलं का रे? कोबी विकायला बसलास?"

"नाही. याची सोमवारी मॅच आहे," स्तामेन म्हणाला. "फार घाबरलाय."

लोक हसले. त्याच्या पोरीचं सगळ्यांना माहीत होतं म्हणून हसू लगेच विरलं, पण कोणी हललं नाही. त्यानं कोबी स्टुलावर ठेवला, वर लाल फडकं टाकलं. बर्फाचं पाणी. निळी ज्योत. पळी खांद्यावर. फस्स!

"मोजा कोणीतरी," तो म्हणाला.

पुढे एक नऊ वर्षांची मुलगी उभी होती, कालिना, पोहणारी. तिनं पुढे होऊन मोजलं. "एकोणीस!"

"एकोणीस काटे, ताई! आणि एवढे घेऊन हा बिचारा मंडईत उभा राहतो!" दोन्काबाईंचा आवाज त्यानं इतका हुबेहूब काढला की एक बाई खो-खो हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मग किटलीतलं गरम पाणी बादलीत. शेगडी बंद. "आता संत येतील," म्हणून त्यानं पाणीखात्यातल्या सगळ्या साहेबांची नावं एकामागून एक म्हटली. पळी पाण्याला टेकवली. गोल, गुळगुळीत. शून्य.

"कोबी बरा झाला," रांगेतून कोणीतरी पुटपुटलं.

दोन्काबाई दारात येऊन उभ्या होत्या. "ही देवाधर्माची थट्टा आहे! त्याच्या हाताला गुण नाही, मन शुद्ध नाही. माझं शिसं माणसाची भीती ओळखतं, भाजीची नाही!"

"मग ओळखू दे," स्तामेन म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "या दोन बादल्या. एकीत बर्फ, एकीत गरम पाणी. गरम बाजूला ठेवू, काटे कालिना मोजेल. मंत्र तुमचा, शिसं तुमचं. अट एकच, तापलेलं शिसं लगेच आणि खांद्यावरून ओतायचं, तिन्ही वेळा त्याच बर्फाच्या पाण्यात. बर्फ कमी झाला तर मी घालतो. बघू, काटे शून्य होतात का."

दोन्काबाईंनी रांगेकडे पाहिलं. पोस्टाच्या खिडकीवर त्यांनी खोटा हिशेब कधी केला नव्हता, असं म्हणतात. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर तीच जुनी कारकून बाई दिसली. मग त्या म्हणाल्या, "आज माझी वेळ संपली," आणि दार लागलं.

गर्दी आता आनंदानं उसळेल असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही झालं नाही. निम्मे लोक स्तामेनवर चिडले. एकानं बादलीला लाथ मारली. कालिनाची आई पुढे आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"हे सगळं खोटं, तर मग माझ्या कालिनाची भीती गेली कशी? महिना झाला, ती एकदाही म्हणाली नाही, भीती वाटते म्हणून!"

स्तामेननं खाली वाकून कालिनाकडे पाहिलं. "गेली का गं?"

कालिनानं आईकडे पाहिलं, मग बुटांकडे. "मी पाण्याखाली गेल्यावर ओरडते," ती म्हणाली. "तिथे कोणाला ऐकू येत नाही."

लाथ मारलेली बादली त्याच माणसानं उचलून सरळ ठेवली. एकेक जण पोराच्या मानगुटीवरचा हात काढून, त्याचा हात धरून घरी गेला. सगळे नाही, पण बरेच.

* * *

स्तामेन त्याच दुपारी हॉस्पिटलात गेला. नेवेनाला त्यानं व्हरांड्यात बसवून सगळं सांगितलं: बर्फ, किटली, पळीची उंची, कोबी. तिनं ऐकून घेतलं. नळाखाली ओतलेल्या पाण्याचं ओझं तिच्या खांद्यावरून उतरताना त्यानं पाहिलं, आणि त्याहून जड असं दुसरं काहीतरी तिथे येऊन बसतानाही पाहिलं. "तिनं सांगितलं होतं. फडक्याखालून," ती म्हणाली. "आणि मी हसले." मग ती भिंतीला डोकं टेकून बसली आणि म्हणाली, "तू आत जा. मी अशी तिच्यासमोर नाही येणार."

बिल्याना उताणी झोपून छताकडे बघत होती. दुसरं ऑपरेशन सोमवारी होतं. नर्स सुई घेऊन आली की विचारायची, "भीती वाटते का?" आणि बिल्याना शहाण्यासारखी म्हणायची, "नाही."

स्तामेन खुर्ची ओढून बसला. तिला हसवायला कोबीपासून सुरुवात केली. ती थोडी हसलीही. मग त्यानं युक्ती उलगडून सांगितली, सावकाश, एखादं मोठं गुपित सांगावं तसं.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तिसऱ्यांदा सगळ्यांचं गुळगुळीतच येतं. हॉलमधल्या सगळ्या पोरींना माहीत आहे. किटलीचं नव्हतं माहीत, पण शून्य येणार हे माहीत होतं. आम्ही आधीच हसायचो त्यावर."

स्तामेन पुढे वाकला. "मग बोलली का नाहीस, राजा?"

"बोलले ना, दुखतं म्हणून. मग शून्य आलं, आणि आई इतकी खूश झाली. बसमध्ये ती माझा हात धरून बसली होती, पूर्ण वेळ. मग पुन्हा कसं सांगणार?"

खाली रस्त्यावर ट्राम खडखडत गेली. स्तामेननं तिच्या पायावरची चादर सारखी केली. डाव्या पायाला ते कळलं नाही.

"सोमवारची भीती वाटते का?" त्यानं विचारलं. "मला खरं सांग. मी ऐकतोय."

बिल्यानानं दाराकडे पाहिलं.

"आई बाहेर आहे? तिला ऐकू जाईल?"

"हो."

"मग नाही वाटत," ती म्हणाली.

* * *

शिसं घरी वितळवून बघू नका. त्याची वाफ विषारी असते. खात्री करून घ्यायची असेल तर मेणबत्तीचं मेण घ्या, एका वाटीत बर्फाचं पाणी, एकीत कोमट. कोणत्या वाटीत खडबडीत होतं आणि कोणत्या वाटीत गुळगुळीत, ते पोरांनाच बघू द्या, त्यांनाच कारण शोधू द्या. तेवढ्यानं कुठल्याही दोन्काबाईचा शिक्का खोटा पडेल.

पुढचं मात्र मेणानं होणार नाही. मूल घाबरलं तर त्याला विचारा: केव्हापासून, काय करताना, कुठे दुखतं. ते सांगेल ते लिहून ठेवा, तज्ज्ञाला दाखवा, डॉक्टरला दाखवा. आणि ते सांगत असताना तुमचा चेहरा पडू देऊ नका, कारण मूल बोलायच्या आधी तो बघतं, आणि तुम्हाला काय ऐकायचंय ते तिथेच वाचून घेतं.